गरम पाणी वाटेतच निवतं, त्याचं काय करायचं?

दिवाळीची अभ्यंगस्नानं आटोपली की उज्जैनच्या मराठी घरांतून तीच तक्रार पुन्हा ऐकू येऊ लागते. गिझरचा दिवा विझलेला असतो, म्हणजे पाणी तापलेलं असतं, पण नळ सोडला की आधी अर्धी बादली गार. सोलरच्या टाकीत पाणी कढत असतं आणि तळमजल्यावर पोहोचेपर्यंत कोमट होतं. त्यातही सगळ्यांत जास्त गोंधळ पुढच्या प्रश्नात आहे: ‘‘पाइपला तो काळा फोम गुंडाळून घेतला, पैसे खर्च केले, तरी सकाळचं पहिलं पाणी गारच. मग उपयोग काय झाला?’’

उपयोग झाला, पण तुमच्या तक्रारीवर तो उपाय नव्हता. ‘पाणी गरम येत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी दडलेली असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. म्हणून पैसे काढण्याआधी आपलं दुखणं कोणतं ते ठरवा. त्यासाठी एक बादली आणि एक घड्याळ पुरतं.

आधी दुखणं ओळखा

सकाळी सगळ्यांत आधी, कोणीही नळ सोडण्यापूर्वी, गरम पाण्याचा नळ बादलीत सोडा. काय होतं ते पाहा.

- पहिलं पाणी गार, मग एकदम कढत: हा पाइपच्या लांबीचा आणि जाडीचा प्रश्न आहे. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी सकाळपर्यंत गार होणारच, त्यावर कितीही जाड फोम असला तरी. फोम उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करतो, ती अडवून धरत नाही.
- पहिल्याची आंघोळ छान झाली, पण अर्ध्या तासाने दुसरा गेला तर पुन्हा गार: हा उघड्या पाइपचा प्रश्न आहे. फोमचं खरं काम इथे आहे.
- नळ चार-पाच मिनिटं चालू आहे, तरी कोमटच: इथे पाइप बहुतेक वेळा निर्दोष असतो.

तिसऱ्या दुखण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. ढोबळ हिशेब असा: पाऊण इंची उघड्या पाइपात ६० अंशांचं पाणी असेल आणि बाहेर १५ अंश असतील, तर मीटरमागे साधारण ३० वॉट उष्णता बाहेर जाते. पाइप १५ मीटर लांब असेल आणि मिनिटाला ६ लिटर पाणी वाहत असेल, तर एवढ्या उष्णतेने पाण्याचं तापमान एक-दीड अंश उतरतं. धार बारीक असेल, गच्चीवर वारा असेल, तर तीन-चार अंश. म्हणजे ६० चं पाणी ५६ होईल, ४० होणार नाही. वाहतं पाणी सतत कोमट येत असेल तर पुढची तपासणी करा:

१. त्या बाथरूमच्या मिक्सरखालचा थंड पाण्याचा अँगल कॉक पूर्ण बंद करा आणि गरम नळ सोडा. आता पाणी कढत आलं, तर मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज झिजलंय आणि थंड पाणी आतल्या आत मिसळतंय. कार्ट्रिज बदला.
२. घरात दुसरं बाथरूम असेल तर तिथला मिक्सरही असाच तपासा. एका बाथरूमचा बिघडलेला मिक्सर दुसऱ्या बाथरूमचं पाणी गार करू शकतो.
३. गिझरकडे येणाऱ्या थंड पाइपवर हात ठेवून पाहा. तो लांबवर गरम लागत असेल, तर गरम पाणी उलटं मागे जातंय. एकदिशा व्हॉल्व्ह, म्हणजे आपले प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात तो, नाही किंवा अडकलाय.
४. तरीही उलगडा झाला नाही, तर थर्मोस्टॅट आणि कॉइल पाहायला तंत्रज्ञ बोलवा. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. कॉइलवर क्षाराचा पांढरा थर बसला की गिझर जास्त वेळ चालतो, आणि पाइपात थर बसला की धारही बारीक होते.

यात कुठे फोम लागला नाही, हे लक्षात घ्या.

पाइपात अडकतं तरी किती?

आता पहिल्या दुखण्याकडे. दर मीटरमागे पाइपात साठणारं पाणी साधारण असं:

- अर्धा इंची सीपीव्हीसी: १२० मिलिलिटर
- पाऊण इंची सीपीव्हीसी: २६० मिलिलिटर
- एक इंची सीपीव्हीसी: ४३० मिलिलिटर
- अर्धा इंची जुना जीआय पाइप: २०० मिलिलिटर

गच्चीवरच्या सोलरपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत १५ मीटर अंतर धरा. अर्धा इंची पाइपात पावणेदोन लिटर पाणी अडकतं, पाऊण इंचीत चार लिटर, एक इंचीत साडेसहा लिटर. हे सगळं आधी बाहेर पडल्याशिवाय गरम पाणी तुमच्या नळापर्यंत येऊ शकत नाही. शिवाय पाइप स्वतः तापायला थोडं पाणी खर्ची पडतं, म्हणून बादलीतलं माप या हिशेबापेक्षा दीडपट आलं तरी चिंता नको. तिप्पट आलं तर मात्र पाइप कुठून कसा फिरवलाय ते शोधून काढा. भिंतीत गेलेला पाइप अनेकदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार लांबून वळसा घालून आलेला असतो.

‘‘मोठा पाइप टाका, प्रेशर छान येईल,’’ असं प्लंबर सांगतात. ते अर्धं खरं आहे. टाकी आणि नळ यांत तीन मीटरच उंची असेल तर दाब अगदी कमी असतो आणि अर्धा इंची लांब पाइपातून धार मंद येते. पण म्हणून थेट नळापर्यंत एक इंची पाइप नेणं ही उलट्या टोकाची चूक. मुख्य उतरता पाइप पाऊण इंची आणि शेवटच्या दोन-तीन मीटरचा फाटा अर्धा इंची, हा साध्या घरासाठी चांगला मेळ आहे.

पूर्वी वाड्यांतल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. त्याची तोटी सोडली की पाणी थेट बादलीत. मध्ये पाइपच नव्हता, म्हणून उष्णता वाटेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या घरातही नियम तोच: पाणी तापण्याची जागा आणि वापरण्याची जागा जितकी जवळ, तितकं उत्तम. दुरुस्ती काढणार असाल तर आधी गिझर जवळ आणता येतो का ते पाहा, गुंडाळण्याचा विचार नंतर करा.

फोमने नेमकं काय साधतं?

वरच्याच पाऊण इंची पाइपवर ९ मिलिमीटर जाडीचा फोम चढवला तर मीटरमागची ३० वॉटची गळती १३ वर येते. १३ मिलिमीटर जाडीला ११, आणि १९ मिलिमीटरला ९. पहिल्या थराने निम्म्याहून जास्त काम होतं, पुढच्या जाडीने थोडंथोडंच. म्हणून कुठे जाड आणि कुठे उघडं ठेवण्यापेक्षा सलग १३ मिलिमीटर घाला. गच्चीवरच्या उघड्या वाऱ्यातल्या भागाला १९ घेतलात तर योग्यच.

वेळेच्या भाषेत सांगायचं तर, नळ बंद केल्यावर उघड्या पाइपातलं ६० अंशांचं पाणी पंधरा-वीस मिनिटांत ४० वर येतं. १३ मिलिमीटर फोम असेल तर त्याला पाऊण तासाच्या वर लागतो. दोन आंघोळींमधलं अंतर या पाऊण तासात बसत असेल तर फोम तुमच्या घरासाठी आहे. सकाळी सहाला एक आणि दहाला दुसरी आंघोळ असेल, तर मधल्या वेळेपुरता त्याचा फायदा नाही.

उज्जैनच्या घरांना इथे एक खास अडचण आहे. महाकालाच्या दर्शनाला महाराष्ट्रातून नातेवाईक आले की भस्म आरतीसाठी दोन-अडीचला उठून आंघोळी होतात, आणि घरच्यांच्या आंघोळी पुन्हा सात वाजता. डिसेंबर-जानेवारीत इथलं रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं आणि थंडीच्या लाटेत त्याहून खाली जातं. गच्चीवरचा पाइप त्या वेळी सर्वांत गार असतो. अशा रात्री पाइप दोनदा पूर्ण तापवावा लागतो. सोलर असलेल्या घरांनी पाहुण्यांच्या आंघोळी शक्यतो एकापाठोपाठ लावाव्या. दोन बाथरूम असतील तरी टाकीच्या जवळचं एकच वापरा. हे फुकटचं आहे आणि फोमइतकंच कामाचं आहे.

पैशांचा हिशेब

चार लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे ०.१६ युनिट वीज लागते. दिवसातून तीनदा पाइप गार होऊन पुन्हा भरला तर जवळजवळ अर्धा युनिट. थंडीचे शंभर दिवस धरले तर ५० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर साडेतीनशे रुपये. ही पूर्ण गळती झाली. फोमने त्यातला काही भागच वाचेल, सगळा नाही. त्यामुळे एका बाथरूमचं घर, डोक्यावरच गिझर आणि मध्ये दोन मीटर पाइप, अशी रचना असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी फोमवर खर्च करू नका.

मात्र पैशांखेरीज दोन गोष्टी आहेत. त्याच शंभर दिवसांत बाराशे लिटर पाणी ‘गरम यायची वाट पाहताना’ मोरीत जातं. उन्हाळ्यात गंभीर धरणाची पातळी उतरली की नळाला दिवसाआड पाणी येतं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना याची किंमत सांगायला नको. दुसरी गोष्ट सोलरची. तिथे बिलाचा प्रश्न नसतो, पण ढगाळ दिवशी टाकीत पाणी ४५ अंशांचंच असतं, आणि वाटेत चार अंश गेले की आंघोळ जेमतेम होते. सोलरच्या लांब पाइपवर फोम लावणं मला जवळजवळ सक्तीचं वाटतं.

दुकानात काय मागाल?

- नायट्राइल रबरची नळी: एसीच्या तांब्याच्या पाइपवर असते तीच काळी, स्पंजासारखी. फ्रीगंज किंवा दौलतगंजच्या दुकानात ‘एसी के पाइप वाला काला फोम’ म्हणालात की मिळेल. साधारण १०० अंशांपर्यंत टिकते. घरासाठी माझी पहिली पसंती हीच.
- पॉलिथिलीन फोमची नळी: हलकी, स्वस्त, बहुधा करड्या रंगाची. घरातल्या गिझरच्या पाइपला चालते. सोलरच्या तोंडाशी नको. मे महिन्यात नळ्यांच्या सोलरमध्ये पाणी ८०-९० अंशांवरही जातं.
- थर्माकोल: घेऊ नका. ७५-८० अंशांना मऊ पडून आकसतो.
- गोणपाट, चिंध्या, सुतळी: कोरडी असताना थोडी कामाची, पण दवाने किंवा पावसाने भिजली की उष्णता उलट भराभर बाहेर नेतात. त्यांच्याखालचा लोखंडी पाइप गंजतो आणि ते दिसतही नाही.

मापात चूक होऊ देऊ नका. सैल नळीच्या आत हवा खेळते आणि निम्मा फायदा जातो. पाइपभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजा. घेर ५ सेंटिमीटर भरला तर तो अर्धा इंची सीपीव्हीसी, त्याला १६ मिलिमीटर भोकाची नळी. ७ सेंटिमीटर भरला तर पाऊण इंची, त्याला २२ ची. ९ सेंटिमीटर भरला तर एक इंची, त्याला २८ ची. सीपीव्हीसीचं बाहेरचं माप तांब्याच्या पाइपसारखंच असतं, म्हणून एसीच्या नळ्या त्यावर नेमक्या बसतात. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून २१ मिलिमीटर असतो, त्यालाही २२ चीच नळी घ्या.

आणि खरेदीला जाण्याआधी पाइप कोणता आहे तेही पाहा. फिकट पिवळसर असेल तर सीपीव्हीसी, हिरवा असेल तर पीपीआर. दोन्ही गरम पाण्याचे आहेत. पांढरा किंवा करडा साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला जोडलेला आढळला, तर फोमचा विचार सोडा आणि आधी तो पाइप बदला. तो गरम पाण्यासाठी नाहीच. उष्णतेने वाकतो, सांधे सुटतात. त्यावर फोम चढवलात तर तो आणखी जास्त वेळ तापलेला राहील.

कामाचा क्रम

१. गिझरची एमसीबी पाडा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. सोलरचं काम असेल तर ते पहाटे किंवा ऊन उतरल्यावर काढा आणि टाकीचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा.

२. पाइप पुसून पूर्ण कोरडा करा. एखादा सांधा ठिबकत असेल तर आधी तो दुरुस्त करा. फोमखालची गळती महिनोन्महिने कळत नाही.

३. टाकीच्या किंवा गिझरच्या तोंडापासून सुरुवात करा. पाणी तिथे सर्वांत तापलेलं असतं. मग गच्चीवरचा भाग, मग डक्टमधला उतरता पाइप. पैसे मध्येच संपले तर शेवटचा घरातला तुकडा राहू द्या, पहिला नको.

४. नळी लांबीने चिरून पाइपवर बसवा आणि चीर खालच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. चिकटवायचा गोंद फक्त फोमच्या कडांना लावा, तो सुकल्यावर कडा दाबा. गोंदातला द्राव सीपीव्हीसीला लागू देऊ नका. काही द्रावांनी आणि मऊ पीव्हीसीच्या चिकटपट्टीतल्या तेलकट घटकांनी या पाइपला कालांतराने बारीक भेगा पडतात. पाइपच्या कंपनीने चालेल म्हणून सांगितलेलीच पट्टी आणि गोंद वापरा.

५. कोपरे, टी, युनियन आणि व्हॉल्व्ह उघडे सोडू नका. कारागीर नेमके हेच सोडतात, कारण तिथे कापाकापी असते. कोपऱ्यावर नळीचे दोन तुकडे ४५ अंशांत कापून जुळवायला सांगा आणि काम संपल्यावर स्वतः गच्चीवर जाऊन पाहा. व्हॉल्व्हची मूठ मात्र बाहेर राहिली पाहिजे.

६. गिझरकडे येणाऱ्या थंड पाइपचा शेवटचा एक मीटरही गुंडाळा. उष्णता त्या वाटेनेही मागे सरकते.

७. क्लॅम्प पाइपवर आवळू नका. १० मीटर सीपीव्हीसी पाइप थंडचा गरम झाला की सुमारे तीन सेंटिमीटरने लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो कमान करतो आणि सांध्यावर ताण येतो.

८. गच्चीवरच्या फोमला वरून कवच हवंच. उघडा काळा फोम माळव्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन भुगा होतो, आणि उरलेलं काम खारी, कावळे आणि माकडं करतात. सोपा उपाय असा: पाऊण इंची पाइपवर १३ मिलिमीटर फोम चढला की एकूण जाडी ४८ मिलिमीटर होते. हे सगळं ६३ मिलिमीटरच्या साध्या पीव्हीसी पाइपात आरामात बसतं. नवीन काम असेल तर तो वरून ओवा, जुनं असेल तर लांबीने चिरून चढवा आणि तारेने बांधा. दुसरा पर्याय ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, तो जास्त टिकतो आणि महाग पडतो. नुसती चकचकीत चिकटपट्टी गच्चीवर पुरत नाही.

हे कधीही गुंडाळू किंवा बंद करू नका

- गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि त्याचं पाणी सोडणारं तोंड. तिथून कधी थेंब पडले तर ते बुजवू नका. दाब बाहेर पडायची ती वाट आहे.
- सोलरच्या टाकीवरचा उभा हवेचा पाइप, म्हणजे एअर व्हेंट. त्याचं टोक उघडंच राहिलं पाहिजे.
- गिझरचं विजेच्या जोडणीचं झाकण.
- गॅस गिझरच्या बर्नरच्या आसपासचा भाग आणि धूर बाहेर नेणारी नळी. फोम जळणारा पदार्थ आहे.

गॅस गिझरचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगते: पाइप लहान करायच्या नादात तो बाथरूमच्या आत आणू नका, आणि ऊब टिकावी म्हणून झरोका बुजवू नका. त्याच्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद न्हाणीघरात त्यामुळे माणसं दगावलेली आहेत. गॅस गिझर मोकळ्या हवेच्या जागी आणि पाइप लांब, हे नुकसान पत्करा.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. ‘गळती कमी होते’ म्हणून पाणी ४०-४५ वर साठवून ठेवू नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात. त्याचबरोबर, फोम लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आंघोळीला पाणी पूर्वीपेक्षा जास्त तापलेलं येईल हे घरातल्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी विसण, मग कढत पाणी, हा क्रम ठेवा.

विसणावरून आठवलं. बादलीने आंघोळ करणाऱ्यांनी नळातून येणारं ते पहिलं गार पाणी सोडून द्यायचंच कशाला? तेच विसण. आधी गरम नळाचं गार पाणी बादलीत घ्या, त्यावर कढत येऊ द्या, आणि कमी पडलं तरच थंड नळ सोडा. उष्णतेचं नुकसान होतं ते होतंच, पण पाण्याचा थेंबही जात नाही.

पाइप भिंतीत असेल तर

नुसत्या फोमसाठी फरशा फोडू नका. तो खर्च कधीच भरून निघत नाही. गच्चीवर आणि डक्टमध्ये जेवढा पाइप उघडा आहे तेवढा गुंडाळा आणि थांबा. स्वयंपाकघर दूर असेल आणि भांड्यांसाठी चार-पाच लिटर गरम पाणी हवं असेल, तर सिंकजवळ तीन लिटरचा लहान गिझर लावणं लांब पाइप तापवण्यापेक्षा शहाणपणाचं.

बाथरूमचं काम पुढेमागे निघणारच असेल, तर त्या वेळी गरम पाइप भिंतीत टाकण्याआधी त्यावर निदान ९ मिलिमीटर फोम चढवून घ्या आणि खाचा तेवढ्या रुंद काढायला आधीच सांगा. बंद करण्यापूर्वी दाबाची चाचणी आणि मोबाइलवर फोटो, दोन्ही करून ठेवा.

मोठ्या बंगल्यांत गरम पाणी सतत फिरवत ठेवणारा पंप सुचवला जातो. नळ सोडताच कढत पाणी येतं हे खरं, पण चोवीस तास चालला तर सगळा पाइप चोवीस तास उष्णता सांडत राहतो. घ्यायचाच तर बटण दाबल्यावरच चालणारा घ्या, आणि त्याचा येता-जाता दोन्ही पाइप गुंडाळलेला असू द्या.

सिंहस्थासाठी खोल्या वाढवताय?

२०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीने अनेक घरांत वरचा मजला चढतोय, पाहुण्यांसाठी खोल्या निघतायत. नकाशा कागदावर आहे तोवरच पुढचं पाहून घ्या. बाथरूम एकावर एक घ्या आणि सोलरची टाकी बरोबर त्यांच्या डोक्यावर येऊ द्या. एका टाकीतून लांब पसरलेल्या चार बाथरूमना पाइप नेण्यापेक्षा दोन लहान टाक्या बऱ्या. गिझर घेताना त्यावरचं तारांकनाचं लेबल नीट वाचा, चोवीस तासांत टाकीतून किती युनिट उष्णता जाते ते त्यावर छापलेलं असतं. लिटर सारखे असताना जिथे हा आकडा लहान, तो गिझर घ्या.

तुमचे हक्क, आणि कुठे सावध राहायचं

*नवा फ्लॅट:* रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष तुम्ही कळवलात, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. गरम पाण्याला साधा पीव्हीसी जोडलेला असणं किंवा भिंतीतला गरम पाइप गळणं हे अशा दोषांत मांडता येतं. फोनवर सांगून थांबू नका. फोटोंसह ईमेल किंवा रजिस्टर पत्र पाठवा. नुसता फोम नाही, एवढ्यावर मात्र तक्रार टिकेलच असं नाही. करारात तो लिहिला असेल तर गोष्ट वेगळी.

*सोसायटी:* गच्ची आणि डक्ट सामाईक असतात. तिथे काम काढण्याआधी लेखी संमती घ्या. आपल्या पाइपवर फ्लॅट क्रमांक रंगवून ठेवा, पुढचे वाद टळतात.

*भाड्याचं घर:* काढून नेता येईल असाच फोम लावा आणि घरमालकांना आधी कळवा. खर्च भाड्यातून वळता करायचा ठरला तर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या.

*सोलर विकणारे:* घरगुती सोलर वॉटर हीटरवरचं केंद्राचं थेट अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. २०२४ ची पीएम सूर्यघर योजना गच्चीवरच्या वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवण्याच्या यंत्रासाठी नाही. ‘सबसिडी मिळवून देतो’ म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नका.

*कोटेशन आणि बिल:* ‘पाइप इन्सुलेशनसह’ एवढ्या दोन शब्दांवर विश्वासून व्यवहार करू नका. फोमचा प्रकार, जाडी, किती मीटर, कोपरे आणि व्हॉल्व्ह धरून की सोडून, वरचं कवच कशाचं, आणि किती वर्षांची हमी, हे सगळं कोटेशनवर लिहून मागा. जुन्या सोलरच्या पाइपला हात लावण्याआधी त्याच्या हमीला धक्का लागतो का, ते कंपनीकडून लेखी विचारून घ्या. पक्कं बिल घ्या, कारण काम कच्चं निघालं तर पुढे तेच उपयोगी पडतं. दुकानदार किंवा ठेकेदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांची. बिलावर तारीख आणि फोमची जाडी लिहिलेली नसेल तर आजच दुकानात जाऊन लिहून घ्या.